पारूबाईचा उजवा पाय

ज्या वर्षी अंजलीचं लग्न झालं, त्याच वर्षी मी लाकडातून बाहेर आलो. मित्रांनो, मी फर्मा आहे. जुना, बाभळीचा, उजव्या पायाचा. तुमच्यापैकी पुष्कळांनी फर्मा पाहिलेला नसेल. पायताण शिवताना चामड्याला पायाचा आकार यावा म्हणून आत एक लाकडी पाय घालतात. तो लाकडी पाय म्हणजे मी. माझ्यावर चामडं ताणतात, ठोकतात, वाळवतात, आणि पायताण तयार झालं की मला ओढून बाहेर काढतात. मी स्वतः कधी एक पाऊलही चाललो नाही. पण मी ज्यांच्या पायावरून घडलो त्या पारूबाई खूप चालल्या.

त्याआधी मी एका खळ्यात उभा होतो. मळणीसाठी खळ्याच्या मधोमध एक खांब रोवत, त्याला तिवडा म्हणत. बैल त्याच्याभोवती गोल फिरत आणि ज्वारी मळली जाई. पुढे गावात मळणीयंत्र आलं. तिवडा उपटला गेला आणि केज तालुक्यातल्या त्या गावात पारूबाईंचे नवरे निवृत्तीबाबा यांच्या घरामागे पडून राहिला. ऊन, पाऊस आणि वर्षं खाऊन तो दगडासारखा कडक झाला. मित्रांनो, फर्म्यासाठी असंच लाकूड हवं. ओल्या लाकडाचा फर्मा केला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो आणि त्यावर शिवलेलं पायताण वाकडं होतं.

आता लग्नाची गोष्ट सांगतो. अंजली ही निवृत्तीबाबांची आणि पारूबाईंची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नासाठी पारूबाईंना केजच्या बाजारातून नवी पायताणं आणली होती. वरात दारात येईपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. पारूबाईंनी पायताणं काढली आणि मांडवाच्या खांबाशी भिरकावली.

"अगं, पाव्हणे आले. विहीणबाई अनवाणी दिसल्यावर लोक काय म्हणतील?" निवृत्तीबाबा हळूच म्हणाले.

"म्हणू द्या. आवं, ते पायताण न्हाई, इंचू हाय. पाय माझे हायत, लोकांचे न्हाईत."

सगळं लग्न त्यांनी अनवाणी पार पाडलं. मंगलमैत्रीच्या वेळी, म्हणजे बौद्ध लग्नात वधूवरांवर फुलं टाकतात तेव्हा, त्यांच्या साडीच्या काठाखालून फोड आलेल्या टाचा दिसत होत्या. हे मी मुद्दाम सांगतो आहे. तेव्हा पारूबाईंच्या पायांना दुखत होतं, आणि दुखलं की त्या पायताण फेकून देत होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा.

निवृत्तीबाबा एसटीच्या डेपोत कामाला होते. बसच्या फाटलेल्या सीटा शिवायचं काम त्यांच्याकडे असे. लग्नाच्या वर्षीच ते रिटायर झाले. हाताला सवय सुईची, आणि आता शिवायला सीट नव्हती. म्हणून त्यांनी हौसेखातर चामड्याचं काम सुरू केलं. आधी किल्ल्यांना अडकवायचा पट्टा, मग पाकीट, मग कमरेचा पट्टा. पहिला पट्टा त्यांनी जनावराच्या पोटाकडच्या चामड्याचा कापला. ते चामडं सैल असतं. आठवड्यात पट्टा वीतभर लांबला. शेजारी राहणारे त्यांचे थोरले भाऊ धर्मराज तो पट्टा कमरेला लावून ओट्यावर बसले होते. उठले तर पट्टा खाली.

"निवृत्ती, हे पट्टा हाय का बैलाची येसण?" ते ओरडले. "बांधायला दोन माणसं लागत्याल!"

तेव्हापासून निवृत्तीबाबा पट्ट्यासाठी आणि तळव्यासाठी पाठीकडचंच चामडं घेत. दुकानात गेले की ते चामडं दुमडून बघत. दुमडलेल्या जागी वरचा थर चिरला तर ते ठेवून देत. मग एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकत. थेंब आत जिरून डाग काळपट झाला, तर ते झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं. ओलं करून आकार द्यायला तेच लागतं. रंगाला भुलू नका, मित्रांनो. रंग वरून देता येतो.

धर्मराज नुसते हसत नव्हते, त्यांना रागही होता. एकदा ते म्हणाले, "आपल्या आज्यानं गावाची मेलेली ढोरं ओढली. आपल्या बापानं छप्पन साली ते सोडलं, तर गावानं त्याला पाणी भरू दिलं न्हाई. आन तू नोकरी करून, रिटायर होऊन, पुन्यांदा कातडं धरलंस? कावून?"

निवृत्तीबाबा रापी घासत होते. रापी म्हणजे चामडं कापायचं पसरट पात्याचं हत्यार. त्यांनी मान वर केली नाही. "दादा, त्यांच्यावर ते लादलेलं होतं. माझ्यावर कुणी लादलं न्हाई. मला माझ्या बायकोच्या पायात नीट पायताण बघायचंय. एवढंच हाय."

धर्मराज उठून गेले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यावर येऊन बसले.

त्याच आठवड्यात तिवडा कापला गेला आणि माझं माप घेतलं गेलं. माप संध्याकाळी घेतलं, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. सकाळच्या मापाचं पायताण संध्याकाळी आवळतं. पारूबाईंना कागदावर सरळ उभं केलं, बसवून नाही. अंगाचं वजन पडलं की पाय पसरतो, तोच खरा पाय. पेन्सिल उभी धरून बाहेरची रेघ काढली. मग चवड्याभोवती आणि पायाच्या कमानीवरून दोरा गुंडाळून मापं घेतली. वाकसाने तासून, कानशीने घासून, शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडून माझं अंग गुळगुळीत केलं. माझा जोडीदार, डावा फर्मा, त्याच तिवड्याच्या दुसऱ्या तुकड्यातून निघाला.

दोघांना शेजारी ठेवून त्यांनी पारूबाईंना बोलावलं.

"हे माझे पाय?" पारूबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "हे तर म्हशीचे खूर हायत!"

"तुझेच हायत. कागद बघ."

"मंग मला कावून हाक मारता? यांनाच धाडा अंगणवाडीत. मी बसते घरी."

पारूबाई गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. रोज सकाळी गल्लीगल्लीतून फिरून लेकरं गोळा करायची, कुणाचा हात धरायचा, कुणाला कडेवर घ्यायचं, आणि दुपारी पुन्हा घरोघरी सोडायचं. त्यांचं सगळं काम पायावर होतं. "मरेपर्यंत आपल्या पायावर चालायचं, कुणाच्या खांद्यावर न्हाई," असं त्या नेहमी म्हणत. त्यांना दुसरं काही नको होतं.

माझ्यावरचा पहिला जोड मला अजून आठवतो. चामडं पाण्यात बुडवून काढलं, पण चिंब ठेवलं नाही. हाताला गार लागेल इतपतच ओलं ठेवलं. माझ्यावर ताणून बसवलं आणि सावलीत वाळवलं. उन्हात वाळवलं की चामडं आखडतं आणि चिरतं. दोऱ्याला मधमाशीचं मेण चोळलं. आरीने भोकं पाडली आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया घेऊन दोन्ही बाजूंनी शिवलं. असं शिवलं की एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. जिथे चामड्याचे दोन थर एकावर एक येणार, तिथली कड रापीने तिरपी पातळ केली, म्हणजे पायाला उंचवटा लागत नाही. गाठी पायाच्या बाजूला न ठेवता थरांच्या मध्ये लपवल्या. शेवटी एरंडेलाचा हात फिरवला, तोही फडक्याने पुसून. खायचं तेल लावलं तर काही दिवसांनी त्याला वास सुटतो.

पारूबाईंनी पायताण घातलं आणि अंगणात चार फेऱ्या मारल्या.

"चावतंय का?" निवृत्तीबाबांनी विचारलं.

"टाचंला जरा चावतंय."

त्यांनी टाचेकडची कड पुन्हा पातळ केली. पारूबाई पुन्हा चालल्या. "आता न्हाई."

पायताण चावतं की नाही हे पायच सांगतो, असं निवृत्तीबाबा म्हणत, आणि ते बरोबर होतं. त्या काळात पारूबाईंचा पाय खरं बोलत होता.

मित्रांनो, ती वर्षं माझी सुखाची होती. गल्लीतल्या बाया पायताण हातात घेऊन बघत. धर्मराजांनी स्वतःसाठी एक जोड मागितला, पण मागताना म्हणाले, "मला हौस न्हाई. तुझा हात बसावा म्हणून घालतो." त्यांच्यासाठी निवृत्तीबाबांनी दर वेळी पाय नव्याने मोजला. "माणसाचा पाय बदलत असतो, दादा," ते म्हणत. एका पुतण्याच्या पायावर हाड वाढलं होतं. त्यांनी त्याच्या फर्म्यावर त्याच जागी चामड्याचा तुकडा चिकटवून तेवढाच उंचवटा केला, म्हणजे पायताणात तेवढी जागा सुटली. ही युक्ती त्यांना चांगली माहीत होती.

पारूबाईंचा पाय मात्र त्यांनी पुन्हा मोजला नाही. रोज डोळ्यासमोरचा पाय, घरचाच पाय, आणि त्याचा फर्मा तयार होताच. जोड झिजला की ते मला फळीवरून उतरवत आणि नवा जोड शिवत.

पारूबाईंना शुगर निघाली. गोळ्या सुरू झाल्या. कधी घेतल्या, कधी अंगणवाडीच्या गडबडीत राहिल्या. पायांना मुंग्या यायच्या. तळव्याखाली वाळू पसरल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणत. कुणी सांगितलं म्हणून त्या मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसत. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मग एके दिवशी त्यांनी आनंदाने सांगितलं, "आवं, मुंग्या गेल्या. पाय एकदम हलके झाले."

घरात सगळ्यांना बरं वाटलं. निवृत्तीबाबांनी त्या दिवशी केजहून केळी आणली. पाय बरे झाले, असं दोघांना वाटलं. मित्रांनो, पाय बरे झाले नव्हते. ते बधिर झाले होते. माझ्यासारखे.

त्यानंतरचा जोड घालून पारूबाई अंगणात चालल्या.

"चावतंय का?"

"अजिबात न्हाई."

"टाचंला?"

"कुठंच न्हाई. आता तुमचा हात बसला बघा."

निवृत्तीबाबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पहिल्याच घालण्यात पायताण बसलं, असं कधी झालं नव्हतं. ते ओट्यावर जाऊन धर्मराजांना सांगून आले.

काही महिन्यांनी तळवा बदलायला तो जोड पुन्हा माझ्याकडे आला. मला आत घातलं तेव्हा मी नीट बसेना. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे माझं अंग सपाट आहे, तिथे पायताणाच्या तळव्यात खोल खड्डा पडला होता. पारूबाईंची बोटं आखडून वर उचलली गेली होती आणि अंगठ्याखालचं हाड खाली आलं होतं. सगळं वजन त्या एका जागी पडत होतं. पाय बदलला होता. मी तसाच होतो.

निवृत्तीबाबांनाही खड्डा दिसला. त्यांनी बोटाने चाचपला. "चामडं दबलं," ते म्हणाले. मग त्यांनी तळवा ओला केला, मला आत घट्ट बसवलं, आणि लाकडी मोगरीने ठोकून ठोकून तो खड्डा सपाट केला. वरून नवा कडक थर चिकटवला. काम सुंदर झालं. पायताण पुन्हा हुबेहूब माझ्या मापाचं झालं. पायाने स्वतःसाठी केलेली जागा बुजून गेली.

उन्हाळ्याच्या सुटीत अंजली लेकराला घेऊन माहेरी आली. दारातली पायताणं उचलून सावलीत ठेवताना तिने उजवं पायताण नाकाजवळ नेलं.

"आई, याच्यात काय सांडलंय?"

"कुठं काय? घाम आसंल."

अंजलीने आत बोट घातलं. बोट काळपट, ओलं बाहेर आलं. तिने आईला बाजेवर बसवलं आणि पाय मांडीवर घेतला. अंगठ्याखाली रुपयाएवढं छिद्र होतं. आतलं मांस दिसत होतं.

"आई! हे कधीपासून हाय? दुखत न्हाई का?"

पारूबाई वाकून स्वतःच्या तळव्याकडे बघत होत्या. दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसं. "न्हाई गं," त्या म्हणाल्या. "दुखलं असतं तर फेकून न्हाई का दिलं असतं पायताण?"

निवृत्तीबाबा दारात उभे होते. त्यांच्या हातात मोगरी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही, तशीच धरून राहिले.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात पारूबाई बरेच दिवस होत्या. आधी अंगठा काढला. जखम चढत गेली. मग गुडघ्याखालून उजवा पाय काढला. डॉक्टरांनी सांगितलं की नसा बधिर झाल्या होत्या, आणि अशा पायाचा तळवा रोज डोळ्यांनी बघावा लागतो, पायाला विचारून चालत नाही. दवाखान्यातून परत आल्यावर निवृत्तीबाबा पारूबाईंना एवढंच म्हणाले, "मी तुला दर बारीला विचारलं गं."

"आन मी खरंच सांगितलं," पारूबाई म्हणाल्या. "तुमी खोटं विचारलं न्हाई, मी खोटं बोलले न्हाई. आता रडू नका. मला कडंला वळवा."

गावात माझ्या आकाराचा पाय आता फक्त मीच उरलो होतो.

निवृत्तीबाबांनी हत्यारं गोणपाटात गुंडाळून फळीवर टाकली. रापीला गंज चढला. मेणाच्या गोळ्याला मुंग्या लागल्या. माझ्या टाचेत भुंग्याने एक छिद्र पाडलं. डावा फर्मा माझ्याशेजारी होता, आणि आम्हा दोघांवर सारखीच धूळ बसली.

एक दिवस धर्मराज काठी टेकत आत आले. त्यांच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते निवृत्तीबाबांसमोर टाकलं. चामड्याचा तुकडा होता, पाठीकडचा, चांगला, आणि मऊ स्पंजाची एक जाड पट्टी.

"केजला गेलतो. आणलं."

"दादा, आता न्हाई होणार."

"न्हाई होणार म्हंजी? तिचा डावा हाय की अजून. त्याच्यात बी जीव न्हाई. तो बी घालवायचा हाय का?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "जन्मभर तुला कातडं सोड म्हणलो. आज मीच आणून दिलंय. ऊठ बे."

निवृत्तीबाबा उठले. गंजलेली रापी त्यांनी पाण्याच्या दगडावर घासली, मग चामड्याच्या पट्टीवर धार बसवली. त्या संध्याकाळी त्यांनी पारूबाईंचा डावा पाय मांडीवर घेतला आणि कागदावर नव्याने रेघ काढली. हा पायही बदलला होता. त्यांनी डाव्या फर्म्यावर, जिथे हाड आलं होतं तिथे, चामड्याचे तुकडे चिकटवले आणि कडा पातळ करून अंगात मिसळून टाकल्या. पायताणात तळव्याखाली मऊ थर घातला, आत एकही टाका येऊ दिला नाही, खिळा तर नाहीच. पंधरवड्याला पुन्हा माप. पुन्हा एखादा तुकडा. माझा जोडीदार गाठीगाठींचा, कुरूप होत गेला. मी तसाच सुंदर आणि गुळगुळीत राहिलो.

आता ते पारूबाईंना 'चावतंय का' असं विचारत नव्हते. रोज संध्याकाळी ते डावं पायताण घेत आणि आत हात घालून तळवा बोटांनी चाचपत. खडा, काटा, टाक्याची गाठ, सुरकुती, ओल. मग पारूबाईंचा पाय दिव्याखाली धरून तळवा बघत, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवत. पायात पांढराच मोजा घालायला लावत, म्हणजे थेंबभर रक्त आलं तरी दिसेल.

"रोज रोज काय बघता? तिथं काय लिवलंय व्हय?" पारूबाई चिडवत.

"गप बस."

पुढे अंजलीने पुढाकार घेऊन कृत्रिम पाय बसवून आणला. त्याला पायताण लागणार होतं. निवृत्तीबाबांनी मला फळीवरून उतरवलं, भुंग्याचं छिद्र मेणाने बुजवलं, आणि तो रबरी पाय माझ्याशेजारी धरला. माप जवळपास तेच होतं. माझ्यावर शेवटचं पायताण शिवलं गेलं ते असं. रबरी पायाला ते अगदी नीट बसलं.

"हा पाय बरा," पारूबाई म्हणाल्या. "याला शुगर न्हाई, जखम न्हाई. आन तुमचं पायताण कसं बी शिवा, तक्रार न्हाई." निवृत्तीबाबा हसले नाहीत. मग त्याच म्हणाल्या, "हसा की. मला चालायचंय आता."

त्या चालल्या. पहिल्यांदा ओट्यापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, आणि एका सकाळी काठी घेऊन अंगणवाडीच्या फाटकापर्यंत. नोकरी सुटली होती, पण लेकरांनी ओळखलं. एक बारकी पोर म्हणाली, "पारूआजी, तुजा हा पाय कुणाचा गं?" पारूबाई म्हणाल्या, "माजाच हाय. घरी अजून एक हाय, लाकडाचा. फळीवर झोपतोय."

मित्रांनो, मी फार काही शिकवू शकत नाही. रापी धारेची ठेवा, कारण बोथट रापीच हात कापते. चामड्याला ऊन दाखवू नका. पण हे सगळं विसरलात तरी चालेल, एक तेवढं विसरू नका. जुन्या मापावर विश्वास ठेवू नका, मग तो माणूस तुमच्या घरातला का असेना. घरच्या माणसाचं माप आपण सगळ्यात शेवटी घेतो. तुमच्या घरात आजी-आजोबांना शुगर असेल, तर आज संध्याकाळी त्यांचा तळवा मांडीवर घ्या आणि बघा. दुखतंय का, असं नुसतं विचारू नका. पायताणात आधी आपला हात घाला. पायाला जे कळत नाही ते हाताला कळतं.

मी आता फळीवर आहे, आणि माझ्याशेजारी तो गाठीगाठींचा डावा. घरातली माणसं पारूबाईंच्या मातीहून परत आली त्या संध्याकाळी निवृत्तीबाबांनी दाराजवळचं डावं पायताण उचललं, सवयीने आत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. धर्मराज शेजारी बसून होते. सकाळी अंगाला पाणी घालताना अंजलीने डावा पाय हातात घेऊन पाहिला होता. त्यावर एकही जखम नव्हती.

पारूबाई अकरा जानेवारी दोन हजार चोवीस रोजी, गुरुवारी पहाटे, आपल्या घरी वारल्या.